बावन्न पायऱ्यांची मोजणी

आमच्या भावोजींना कुणी कधी उशिरा आलेलं पाहिलं नाही. लवकर आलेलंही नाही. त्यांच्या मते लवकर येणारा आणि उशिरा येणारा सारखेच, दोघांनाही घड्याळ कळत नाही. एकोणतीस वर्षं ते बस डेपोत टाइमकीपर होते. कुठली गाडी कधी सुटली, कुठे रखडली, किती माणसं घेऊन गेली, हे फाटकाजवळच्या काचेच्या खोलीत बसून लिहायचं, हे त्यांचं काम. गल्लीत त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे ‘राइट टाइम’. हे त्यांना माहीत होतं, आणि मनातून आवडतही होतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकते.

मी त्यांची मेव्हणी. ताईपेक्षा सहा वर्षांनी लहान. मी शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आणि जन्मभर ॲसिडच्या बाटल्या सांभाळल्यामुळे माझी जीभ अशी झाली, असा भावोजींचा सिद्धांत आहे. मला ते ‘धाकट्या बाई’ म्हणतात. आमचं फार सख्य आहे असं नाही, पण दोघांनाही भांडायला दुसरं चांगलं माणूस मिळालेलं नाही.

माणसं मोजायची त्यांची एक पद्धत होती. चालत्या गाडीतली डोकी एकेक करून मोजायला वेळ कुठला, म्हणून एक नजर टाकायची आणि चार शब्दांपैकी एक लिहायचा: रिकामी, बसून, उभी, लटकून. निवृत्त झाल्यावरही हे शब्द त्यांना सोडवेनात. डॉक्टरकडून आले की सांगायचे, “आज दवाखाना उभी होता.” नाटकाला जाऊन आले की, “नाटक बरं आहे, पण बसूनसुद्धा नाही.” माझ्या मुलीच्या लग्नात जेवणाच्या हॉलच्या दाराशी उभं राहून ते माझ्या कानात नुसतं “लटकून” म्हणाले, आणि मी जी आचाऱ्याकडे धावले ती शेवटची पंगत उठेपर्यंत बसले नाही. त्यांची नजर कधी चुकली नाही, हे मला त्यांच्याशी भांडतानाही कबूल करावं लागे.

ताई टपाल वाटायची. त्या काळी पोस्टात बाया कमी होत्या, आणि ज्या होत्या त्या खिडकीवर तिकिटं विकायच्या. ताईने मात्र पिशवी खांद्याला लावली आणि सव्वीस वर्षं शहर पायाखाली घातलं. कुणाच्या दाराची कडी सैल आहे, कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला खरंच चावतो, हे तिला तोंडपाठ होतं. निवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा तिने हे घर घेतलं. पैसे तिचे, म्हणून कागदावर नावही तिचंच. भावोजींनी त्याबद्दल कधी ब्र काढला नाही. उलट घरपट्टीची पावती आली की ते ती तिच्यापुढे ठेवून म्हणत, “मालकीणबाई, तुमचं पत्र.”

घर टेकडीच्या अंगावर आहे. खालच्या रस्त्यावरून वर यायला बावन्न पायऱ्या, तीन वळणं, एक लोखंडी कठडा. वर चिंचोळी गल्ली, तिच्यात अठ्ठ्याहत्तर घरं, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीची उंच भिंत. म्हणजे यायचं त्याच वाटेने आणि जायचंही त्याच. कपाट, फ्रिज, सिमेंटची पोती, सगळं हमालाच्या पाठीवरून वर चढतं. घर घेताना ताईला पायऱ्यांचं काही वाटलं नव्हतं. दिवसाला तीनशे पायऱ्या चढणाऱ्या बाईला आणखी बावन्नचं काय वाटणार?

तीन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. आता वॉकर धरून ती स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुढची खिडकी एवढं फिरते. पायरी उतरायला तो पाय तयार होत नाही. दर तीन महिन्यांनी इस्पितळात दाखवायला न्यावं लागतं, तेव्हा गल्लीतला शिंपी आणि त्याचा भाऊ तिला वेताच्या खुर्चीत बसवून उचलून खाली नेतात. पुढे भावोजी, हातात एक्स-रेचं पाकीट, आणि तोंडाने पायऱ्या मोजणं चालू. ताई खुर्चीत डोळे मिटून बसते. मी एकदा विचारलं, “भीती वाटते का गं?” तर म्हणाली, “भीती नाही. सगळी दारं ओळखीची आहेत ना, दारातून बघत असतात.”

उरलेले दिवस ती खिडकीत. खालचा रस्ता तिथून दिसतो. नवा पोस्टमन पत्र चुकीच्या घरात टाकताना दिसला की तिचा जीव वरखाली होतो, पण एवढ्या उंचीवरून हाक पोचत नाही. मी दर रविवारी दोन बस बदलून जाते. मग आम्ही दोघी त्या खिडकीत बसून खालच्या लोकांना नावं ठेवतो. आठवड्यातली एवढीच तिची बाहेरची हवा.

असं सगळं असताना पालिकेची नोटीस आली. मेट्रो वाढवणार. शहराच्या मध्यातून निघालेली लाइन आणखी दोन स्टेशनं पुढे आणणार, आणि शेवटचं स्टेशन थेट आमच्या टेकडीच्या पायथ्याशी. खर्चाचा मोठा वाटा इथल्याच घरमालकांकडून, घरपट्टीवर अधिभार लावून, पंधरा वर्षं. कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावी. शेवटचा टप्पा गल्लीपुरताच असल्यामुळे त्याचं भवितव्य गल्लीच्या हाती ठेवलं होतं: अठ्ठ्याहत्तर घरांपैकी चाळीस किंवा त्याहून जास्त मालकांनी हरकत घेतली, तर शेवटचं स्टेशन रद्द.

भावोजींच्या अंगात वारं संचारलं. मी त्यांना चिक्कू म्हणणार होते, पण तसं म्हणता येत नाही, कारण त्यांचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. त्यांच्या डेपोतल्या गाड्या एकेक करून बंद झालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. “चौदा नंबर बंद केली तेव्हा म्हणाले, पैसे नाहीत. टायर मागितले तर पैसे नाहीत. आता काचेची स्टेशनं बांधायला आले कुठून? माझ्या घरपट्टीतून,” असं ते मला सांगत. पुन्हा दम घेऊन सांगत, “पंधरा वर्षं भरायचे, धाकट्या बाई. मी चौऱ्याहत्तरचा. भरणार मी, आणि उद्घाटन बघणार भिंतीवरच्या फोटोतून.” मलाही पेन्शन आहे आणि तीही वाढत नाही.

पण नोटिशीच्या अकराव्या पानावर आणखी एक गोष्ट होती. स्टेशनपासून वरच्या गल्लीपर्यंत सार्वजनिक लिफ्ट. टपालातली बाई असल्यामुळे ताईने नोटीस आधी वाचली होती, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. तिने भावोजींना एकदाच विचारलं, “लिफ्ट केवढी असते हो?” ते म्हणाले, “आठ माणसांची. म्हणजे आपल्या हिशेबाने उभी,” आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. ताईला वाटलं, वाचतायत ना, पोचतील अकराव्या पानावर.

पोचले. आणि पोचून त्यांनी मुद्दा क्रमांक सात लिहिला: ‘बावन्न पायऱ्यांकरिता लिफ्ट ही निव्वळ चैन आहे.’

नुसतं लिहून भागणार नव्हतं. डेपोचा माणूस, आकड्याशिवाय बोलणं त्यांना चहाटळपणा वाटतो. त्यांनी सहा दिवस मोजणी केली. सोमवार ते शनिवार, सकाळी सहा ते दहा. पायऱ्या नीट दिसतात ती जागा एकच, ताईची खिडकी. तिथे त्यांनी टेबल लावलं, रूळ ओढलेले कागद, दोन पेन्सिली, घड्याळ. ताईची खुर्ची सहा सकाळी स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून. मला हे नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा माझा जो संताप झाला तो अजून पुरता उतरलेला नाही.

मोजणी मात्र बघण्यासारखी होती. कोण कितीला उतरलं, कुठल्या घरातलं, हातात ओझं होतं का, बसथांब्याकडे वळलं की दुसरीकडे, कुठल्या वळणावर थांबून दम खाल्ला. दोन काठीवाले म्हातारे उतरले, तर भावोजींनी खिडकीतून ओरडून त्यांना विचारलं की लिफ्ट हवी का. ते म्हणाले, नको, व्यायाम होतो. तसं लिहिलं. मग तक्ता केला आणि तो जोडून घरोघर गेले. ज्याला लिहिता येत नाही त्याला लिहून दिलं, ज्याला वाचायचा कंटाळा त्याला समजावून सांगितलं. बारा दिवसांत एक्केचाळीस हरकती पालिकेत दाखल झाल्या, सगळ्या एकाच वळणदार अक्षरात.

बेचाळिसावी त्यांच्या स्वतःच्या घराची. ती त्यांनी शेवटी ठेवली होती, रविवारी, मी असताना. मला वाटतं त्यांना प्रेक्षक हवा होता. चार पानं त्यांनी ताईच्या पुढ्यात ठेवली, पेनचं टोपण काढून दिलं आणि म्हणाले, “मालकीणबाई, सही.”

ताईने चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्यावर थांबली.

“हे काय आहे?”

“कुठलं?”

“रकाना सातवा. लिफ्टची गरज असलेल्या व्यक्ती. शून्य.”

“सहा दिवसांत पायऱ्यांवरून जे गेले त्यांच्यापैकी. सगळे आपल्या पायांनी गेले.”

“त्यातल्या गुरुवारी मी पायऱ्यांवर होते.”

त्या गुरुवारी तिची इस्पितळाची पाळी होती. शिंप्याने आणि त्याच्या भावाने तिला खाली नेलं होतं, आणि त्या दिवशी पाकीट धरायला भावोजी नव्हते, कारण ते खिडकीत मोजत होते. इस्पितळात तिला मी भेटले होते. बावन्न पायऱ्या ती त्यांच्या डोळ्यांसमोरून खाली गेली होती आणि त्यांनी पेन्सिल उचलली नव्हती.

“तुला उचललं होतं,” भावोजी म्हणाले. “कडेवरचं मूल मोजत नाहीत.”

मी त्यांची बाजू घेत नाही, पण खरं ते सांगते. ते वाक्य त्यांनी तिला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. डेपोत नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवायचा नियम तो. आईच्या कडेवरचं मूल म्हणजे प्रवासी नव्हे, त्याला तिकीट नाही, त्याला मोजायचं नाही. एकोणतीस वर्षं बोललेलं वाक्य आपोआप तोंडातून बाहेर पडलं. पडल्यावर मात्र ते आम्ही तिघांनीही ऐकलं.

मी म्हटलं, “शाब्बास भावोजी. बायकोला सामानात टाकलंत.”

“तू गप गं,” ताई म्हणाली. तिने पेनचं टोपण परत लावलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. “मी सही करत नाही.”

“मग आपल्या घराची हरकत जाणार नाही.”

“नको जाऊ दे. एक्केचाळीस आहेत ना तुमच्याकडे? गाडी भरली की तुमची.”

आवाज चढला नाही, ताट आपटलं नाही, काही नाही. मी निघेपर्यंत दोघं एकमेकांशी नीट बोलत होते, मीठ द्या, दार लोटा, असं. मला तेच सहन झालं नाही. बसमध्ये बसून मी रडले, आणि शेजारच्या बाईने मला विचारलं की पाकीट मारलं का.

बुधवारी दुपारी दारावरची बेल वाजली. भावोजी. माझ्या घरी ते न कळवता कधी आले नव्हते. चपला काढायच्या आधीच म्हणाले, “तक्ता चुकलाय.”

मी म्हटलं, “कळलं का?”

“पद्धतच चुकली. मी पायऱ्यांवर मोजलं. जो पायऱ्यांपर्यंत येऊच शकत नाही तो पायऱ्यांवर दिसणार कसा? दारात जाऊन मोजायला हवं होतं.” मग त्यांनी खिशातून कागद काढला. सोमवार-मंगळवार ते पुन्हा अठ्ठ्याहत्तर घरं फिरून आले होते. या वेळी एकच प्रश्न: घरात असं कोण आहे जे आपल्या पायांनी खाली उतरत नाही? उत्तर आलं, बारा. ताई धरून बारा. कुणी सहा महिने उतरलं नव्हतं, कुणी चार वर्षं. त्यातले एक जुने बँडमास्तर. ते कधीच गेले असं भावोजी समजून होते. मागे एकदा त्यांच्या मुलाला भेटून चार शब्द सांत्वनाचेही बोलून आले होते आणि त्या बिचाऱ्याला ते कशाबद्दल हे कळलंच नव्हतं. बँडमास्तर आतल्या खोलीत खिडकीशी मटार सोलत बसले होते. त्यांनी भावोजींना विचारलं, चौदा नंबर अजून वेळेवर सुटते का.

हे ऐकताना मला हसू आलं, त्यांना आलं नाही. “बारा जणांत घराचा मालक एकच,” ते म्हणाले. “तुमची ताई. बाकीच्यांची घरं मुलांच्या नावावर, नाहीतर भाड्याची.” म्हणजे ज्यांना लिफ्ट हवी त्यांना विचारायचं कुणी नव्हतं, आणि ज्यांना विचारायचं होतं ते पायऱ्या धडाधड उतरत होते.

हिशेब सोपा होता. एक्केचाळीस हरकती होत्या. दोन मागे घेतल्या गेल्या की एकोणचाळीस, मग स्टेशन राहतं आणि लिफ्टही राहते. मुदत दहा दिवस, पालिकेतल्या सुनावणीपर्यंत. फक्त दोन सह्या. भावोजी म्हणाले, “एक्केचाळीस मिळवल्या, दोन परत मिळणार नाहीत?”

त्यांचं त्यांनाच अंगलट आलं ते इथे. आपलं म्हणणं त्यांनी इतकं मन लावून पटवलं होतं की ते आता लोकांच्या अंगात मुरलं होतं. ते दारात उभे राहायच्या आत माणसं त्यांचेच मुद्दे त्यांना म्हणून दाखवत. चौदा नंबर बंद केली तेव्हा पैसे नव्हते का, काका? पंधरा वर्षं भरायचे आणि फोटोतून बघायचं का, काका? एकाने तर तक्ता उघडून सातव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “तुम्ही स्वतः मोजलंय. तुमची मोजणी कधी चुकली का?” आठ दिवस ते सकाळ-संध्याकाळ फिरले. चौथ्या घरच्या मास्तरीणबाईंनी तेवढी हरकत मागे घेतली, कारण त्यांची सासू त्या बारांत होती. एक झाली.

शेवटचा भरवसा शिंप्यावर. ताईला उचलून नेणारा माणूस, त्याला काय समजावून सांगायचं? भावोजी त्याला घरीच घेऊन आले. त्या दिवशी मी तिथे होते. शिंपी खुर्चीच्या कडेला बसला, गळ्यात टेप तशीच. सगळं ऐकून घेतलं.

“काका, चार पानं तुम्ही वाचून दाखवलीत, मला पटली. आता उलटं सांगताय. मग आधीचं खोटं होतं का?”

“खोटं नव्हतं. अपुरं होतं.”

“मग अपुऱ्यावर आमच्या सह्या कशाला घेतल्या?” त्याने हे भांडायला म्हणून विचारलं नाही. “माझ्या दोन मुली शिकतायत. दुकानाचं भाडं दरवर्षी वाढतं. वरून हा अधिभार. नाही झेपत मला.” मग तो ताईकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते, हेही मी पाहिलं. “काकू, तुम्हाला लिफ्ट कशाला हवी? आम्ही आहोत ना दोघं. आजवर कधी नाही म्हटलंय का? आठवड्याला न्या म्हणा, आठवड्याला नेऊ.”

ताई म्हणाली, “म्हणून तर हवी रे.”

त्याला ते कळलं नाही. किंवा कळलं असेल, पण झेपणार नव्हतं. चहा पिऊन, तिच्या पाया पडून तो गेला. त्याच्यावर रागवायला मी किती प्रयत्न केला, पण जमलं नाही. राग काढायला जागा नसणं हे फार वाईट.

सुनावणीला ताईने जावं, मालकीण म्हणून बोलावं, असं मी सुचवून पाहिलं. तिने मान हलवली. “लिफ्ट द्या म्हणायला जायचं आणि तेही लोकांकडून उचलून घेऊन? मी चिठ्ठी देते.” तिने अधिकारपत्र लिहून दिलं आणि भावोजी तिच्या वतीने बोलायला उभे राहिले. मी मागच्या बाकावर होते. हॉल बसून होता, हे मीही आता ओळखते.

अधिकारी बाई शांत स्वभावाच्या होत्या. भावोजींनी दोन मिनिटांत सगळं सांगितलं: तक्ता मी केला, त्यात चूक आहे, सातव्या रकान्यात शून्याच्या जागी बारा वाचावं. बाईंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “काका, तुमची मोजणी आम्ही सगळ्यांनी कौतुकाने पाहिली. आमच्या माणसांनाही इतकं नेटकं जमत नाही. पण हा तक्ता आता चाळीस मालकांच्या अर्जांचा भाग आहे. त्यांच्या कागदात तुम्हाला दुरुस्ती करता येणार नाही. ज्यांची हरकत आहे त्यांनीच ती मागे घ्यायला हवी.” आणि त्यांनी हॉलकडे बघून विचारलं, इथे कुणाला हरकत मागे घ्यायची आहे का.

भावोजी वळून बघत राहिले. गल्लीतली पंधरा-वीस माणसं आली होती. सगळी त्यांच्या ओळखीची, सगळी भली. कुणी चपलेकडे बघत होतं, कुणी पंख्याकडे. शिंपी आला नव्हता. बाईंनी त्यांना वाजवीपेक्षा जास्त वेळ दिला, आणि मग पुढचं नाव पुकारलं.

महिन्याने निकाल आला. चाळीस हरकती, शेवटचा टप्पा रद्द. मेट्रो एक स्टेशन अलीकडे थांबणार. अधिभार मात्र निम्मा राहणार, कारण ते अलीकडचं स्टेशनही आमच्या भागाला सोयीचं आहे असं पालिकेचं मत पडलं. तिथून पायथ्यापर्यंत चालत अठरा मिनिटं, आणि मग बावन्न पायऱ्या. लोक भावोजींच्या नावाने कुरकुरले, काहींनी अभिनंदनही केलं. त्यांनी दोन्ही मुकाट्याने घेतलं. आता ते कुणाच्या वाटेला जात नाहीत. एक काम मात्र त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलंय. रोज सकाळी त्या अकरा घरांत ते एक फेरी मारतात, कुणाला औषध हवं असेल, कुणाला वर्तमानपत्र. ताईला घरी येऊन सगळ्यांची खबर देतात. ती ऐकून घेते. त्या सहीबद्दल दोघं परत कधी बोलले नाहीत.

मागच्या रविवारी मी नेहमीसारखी गेले. पहिल्या वळणावर कठडा धरून उभी राहिले. दुसऱ्यावर बसले. माझा डावा गुडघा गेल्या थंडीपासून कुरकुरतोय, डॉक्टरने फोटो काढून झीज झाली म्हणून सांगितलंय, पण हे मी कुणाला बोलले नव्हते. वर बघितलं तर भावोजी उतरून येत होते. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि माझ्या पुढे एकेक पायरी, मला झेपेल अशा चालीने चढत राहिले.

ताई खिडकीत होती. म्हणजे तिने सगळं पाहिलं होतं. मी आत येऊन बसले, पाणी प्यायले, आणि ती विचारायच्या आत म्हटलं, “वाटेत शिंपी भेटला, बोलत बसलो.”

“हो का,” ती म्हणाली. भावोजी पिशवीतली फळं टोपलीत काढत होते, त्यांनी मान वर केली नाही.

मग आम्ही बसलो. खालच्या लोकांना नावं ठेवली. नवा पोस्टमन आता तिघांची पत्रं चुकवतो, हे तिने सांगितलं. पाचची बस गाठायला मी उठले, तेव्हा तिने माझा हात धरला. धरून ठेवला. तिचा हात अजून टपालवाल्या बाईचा आहे, टणक.

“पुढच्या रविवारी येऊ नकोस,” ती म्हणाली. “फोन कर.”

सहासष्ट वर्षांत तिने मला येऊ नकोस असं पहिल्यांदाच म्हटलं.